दुरुस्तीची नीती : क्यूबातील जुन्या मोटारींच्या निमित्ताने

वस्तू टिकवणे म्हणजे तिच्यातील नेमके काय टिकवणे, हा प्रश्न साहित्यविचाराला अपरिचित नाही. ग्रंथाच्या संदर्भात तो पाठचिकित्सेने विचारला, वास्तूंच्या संदर्भात संवर्धनशास्त्राने विचारला, आणि खुद्द माणसाच्या संदर्भात तत्त्वज्ञानाने या दोहोंच्या कितीतरी आधी विचारला. मात्र या तीनही क्षेत्रांत प्रश्न विचारणारा आणि ती वस्तू रोज वापरणारा हे सहसा वेगवेगळे असतात. पाठचिकित्सक पोथी वाचून कीर्तन करीत नाही; पुरातत्त्वज्ञ ज्या मंदिराचा कळस सावरतो त्या मंदिरात तो पूजेला बसत नाही. ज्याचा निर्वाह आणि ज्याची हौस दोन्ही एकाच जुन्या वस्तूला बांधलेली आहेत, असा माणूस हा प्रश्न कसा सोडवतो, हे पाहण्याची संधी विरळा. गेल्या सहा दशकांहून अधिक काळ क्यूबा या कॅरिबियन बेटाने ती दिलेली आहे. तेथील जुन्या अमेरिकन मोटारी आणि हार्ले-डेव्हिडसन मोटरसायकली हा पर्यटनाच्या भित्तिपत्रकांचा विषय होऊन बराच काळ लोटला. विचाराचा विषय म्हणून त्यांच्याकडे पुरेसे लक्ष गेले आहे असे म्हणता येत नाही.

घटनाक्रम थोडक्यात सांगता येतो. १९५९ च्या क्रांतीपूर्वी क्यूबा ही अमेरिकन मोटारींची सवयीची बाजारपेठ होती. शेवरोले, फोर्ड, ब्यूइक, प्लिमथ, कॅडिलॅक या गाड्या फ्लोरिडाची सामुद्रधुनी ओलांडून हवानाच्या रस्त्यांवर येत. पोलीस दलाकडे हार्ले मोटरसायकली होत्या. ऑक्टोबर १९६० मध्ये अमेरिकेने अन्न व औषधे वगळता क्यूबाकडे होणाऱ्या निर्यातीवर बंदी घातली आणि फेब्रुवारी १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी ती जवळजवळ सर्व व्यापाराला लागू केली. गाड्या बेटावर राहिल्या आणि त्यांचे सुटे भाग समुद्रापलीकडे. पुढे सोव्हिएत संघातून लाडा, मॉस्क्विच, व्होल्गा आल्या. पण त्या नोकरी, पद आणि कामगिरी यांच्या निकषांवर वाटल्या जात. सरकारी परवानगीशिवाय ज्यांची खाजगीत खरेदी-विक्री करता येईल अशा गाड्या म्हणजे क्रांतीपूर्वी बेटावर असलेल्या गाड्याच. ही स्थिती २०११ पर्यंत कायम होती. जानेवारी २०१४ मध्ये नव्या गाड्यांची विक्री खुली झाली, तेव्हा सरकारी दुकानात एका प्यूजो ५०८ ची किंमत २,६२,००० डॉलर लावलेली होती. अशा परिस्थितीत १९५५ सालची शेवरोले जपणे हे स्मरणरंजन ठरत नाही. ती माणसाची एकमेव खऱ्या अर्थाने स्वतःची अशी मालमत्ता ठरते. अशा जुन्या अमेरिकन गाड्यांची संख्या ६०,००० च्या आसपास असल्याचा अंदाज वारंवार दिला जातो.

या गाड्यांना तेथे ‘आल्मेन्द्रोन’, म्हणजे थोराड बदाम, म्हणतात. त्यांच्या फुगीर गोलाईवरून हे नाव पडले. त्यांतल्या बऱ्याचशा ठरलेल्या मार्गावर सहा-सात उतारू घेऊन धावतात, आणि त्या चालवणाऱ्याला ‘बोतेरो’ म्हणजे नावाडी म्हणतात. बदामाचे कवच बव्हंशी मूळचे असते. आतला गर मात्र बदललेला असतो. मूळचे तहानलेले आठ सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन काढून तेथे कधी व्होल्गाचे, कधी एखाद्या जपानी वा कोरियन गाडीचे डिझेल इंजिन बसवलेले असते. गिअरबॉक्स तिसरीकडचा, ब्रेक लाडाचे. जे कोठेच मिळत नाही ते लेथवर कातून घेतलेले. पत्रा इतक्या वेळा ठोकून, सांधून, लांबी भरून घेतलेला असतो की मूळ पत्रा किती आणि भर किती हे मिस्त्रीलाही सांगता येऊ नये. १९९१ मध्ये सोव्हिएत आधार तुटल्यावर आलेल्या ‘विशेष काळा’त तर इंधनच मिळेना, आणि डिझेलकडे वळणे भाग झाले.

आता ही १९५५ सालची शेवरोले आहे काय?

थीसियसच्या जहाजाची कूटकथा अभ्यासकांना परिचित आहे. अथेन्सकरांनी जहाजाच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या. तेव्हा जहाज तेच राहिले की नाही यावर तत्त्वज्ञांत वाद होत असे, इतकेच प्लुटार्क सांगतो. हॉब्जने १६५५ मध्ये त्यात भर घातली. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचे पुन्हा जहाज जोडले, तर दोहोंतले खरे कोणते? याहून विषयाला जवळचा दाखला मात्र आपल्याकडील बौद्ध परंपरेत आहे, कारण तो वाहनाचाच आहे. ‘मिलिंदपञ्ह’मध्ये राजा मिलिंद रथातून आलेला असतो, आणि नागसेन त्याला विचारतो की आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय, या सर्वांची रास म्हणजे रथ काय, आणि यांखेरीज रथ असे काही आहे काय. प्रत्येक वेळी उत्तर नकारार्थी येते. रथ ही एक व्यवहारसंज्ञा आहे, भागांच्या आश्रयाने वापरले जाणारे नाव आहे, असा निष्कर्ष निघतो. या संवादाचे महत्त्व असे की तो ‘खरा रथ कोणता’ हा प्रश्नच विरघळवून टाकतो. मात्र तेथे एक गोष्ट शिल्लक राहते, आणि ती प्रस्तुत विषयात कळीची आहे. नाव ही व्यवहाराची बाब असेल, तर ते नाव कोण देतो आणि कोणत्या व्यवहारासाठी देतो, हा प्रश्न उरतोच. आणि तो सत्ताशास्त्राचा नसून नीतीचा आहे.

संग्राहकांच्या जगात हे नाव देण्याचे नियम काटेकोर आहेत. तेथे चासीवर कोरलेला क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक जुळला पाहिजे; रंग कारखान्याच्या नोंदीतला पाहिजे; बदललेला प्रत्येक भाग किंमत उतरवतो. आंतरराष्ट्रीय प्राचीन-वाहन महासंघाने २०१२ मध्ये तुरिन येथे जी सनद स्वीकारली ती याहून बरीच समंजस आहे. वाहन रस्त्यावर चालले पाहिजे हे ती मान्य करते, त्याच्या आयुष्यात झालेले बदल हाही त्याचा इतिहास आहे हे मान्य करते, आणि नवा बदल करावाच लागला तर तो पुन्हा उलटवता येईल असा असावा व काढलेला महत्त्वाचा भाग गाडीबरोबर जपून ठेवावा असे सुचवते. पण या सनदेचा अदृश्य वाचक सुखवस्तू आहे. काढलेले इंजिन जपून ठेवायला जागा लागते. शिवाय शेजाऱ्याला त्यातल्याच एका पिस्टनची गरज नाही, हेही गृहीत धरावे लागते.

संग्राहकांच्या या जगातच १९९० साली एक खटला उभा राहिला. त्याचा निकाल वाङ्मयीन प्रामाण्याची चर्चा करणाऱ्यांनीही वाचावा असा आहे. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या बेंटली स्पीड सिक्स गाडीने १९२९ व १९३० अशी सलग दोन वर्षे ल मॉंची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढे ती गाडी पुनःपुन्हा बदलली गेली. १९३२ मध्ये आठ लिटरचे नवे इंजिन बसवून ती ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवर उतरली असता अपघात होऊन चालक क्लाइव्ह डनफी ठार झाला, आणि त्यानंतर ती पुन्हा नव्याने बांधली गेली. १९९० मध्ये तिचा एक कोटी पौंडांना सौदा झाला. खरेदीदाराने ऐनवेळी माघार घेतली. त्याचे म्हणणे असे, की शर्यत जिंकलेल्या गाडीचे या गाडीत जवळजवळ काहीच उरलेले नाही. न्यायमूर्ती ऑटन यांनी लंडनच्या उच्च न्यायालयात तीन शब्द वेगळे केले. ही गाडी ‘मूळ’ आहे असे म्हणता येत नाही, ती ‘अस्सल’ १९२९ ची किंवा १९३० ची गाडी आहे असेही म्हणता येत नाही. पण ती ‘प्रमाण’ आहे, कारण तिचा इतिहास कोठेही तुटलेला नाही आणि तिच्या जागेवर हक्क सांगणारी दुसरी गाडी अस्तित्वात नाही. खरेदीदार हरला.

मराठी वाचकाला या तीन शब्दांचे वेगळेपण सहज कळावे. आपल्या दफ्तरांत ‘अस्सल’ आणि ‘नक्कल’ यांच्या जोडीला ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असाही एक प्रकार होता. ती नक्कल असूनही व्यवहारात अस्सलाचे काम करी. मात्र न्यायमूर्तींच्या युक्तिवादातील दुसरा भाग, म्हणजे प्रतिस्पर्धी हक्कदाराचा अभाव, अधिक विचारार्ह आहे. त्याचा अर्थ असा की ओळख ही वस्तूच्या अंगभूत गुणांवर पूर्णतः अवलंबून नसते. जगात तिच्याखेरीज आणखी काय आहे, यावरही ती ठरते. हॉब्जचे दुसरे जहाज कोणी बांधलेच नाही, तर पहिल्याची ओळख अबाधित राहते.

तथापि बेंटलीचा न्याय क्यूबाच्या शेवरोलेला जसाच्या तसा लावता येणार नाही. बेंटली एकच होती. तिच्या नावाने एक विशिष्ट पराक्रम जमा होता. शेवरोले लाखोंच्या संख्येने बनल्या. नेल्सन गुडमन यांनी १९६८ मध्ये कलाकृतींचे दोन वर्ग मांडले. चित्रासारख्या काही कृतींत अस्सल-नक्कल हा भेद अर्थपूर्ण असतो. कारण कोणत्या हाताने ती केली यावर तिचे अस्तित्व टिकून असते. कवितेसारख्या इतर कृतींत अक्षरे बरोबर असली की प्रत्येक प्रत सारखीच खरी. कारखान्यातून बाहेर पडणारी गाडी मुळात दुसऱ्या वर्गातली. ती जन्मतःच ‘प्रत’ असते. आराखडा हीच तिची संहिता. १९५५ साली कोणत्याही शेवरोलेबद्दल ‘ही अस्सल आहे का’ हा प्रश्न वेडगळ ठरला असता. ज्या दिवशी आराखड्याशी आणि सुट्या भागांशी असलेला संबंध तुटला त्या दिवसापासून प्रत्येक गाडी वेगळी होऊ लागली, तिच्या अंगावर विशिष्ट हातांच्या खुणा उमटू लागल्या, आणि ती हळूहळू पहिल्या वर्गात सरकली. छापील पुस्तकाचे पुन्हा हस्तलिखित व्हावे तसा हा उलटा प्रवास आहे.

हस्तलिखितांचे नियम मग तिला लागू पडायला हवेत. येथे पाठचिकित्सेची मदत होते, आणि एक अडचणही उभी राहते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत विष्णु सीताराम सुकथनकर यांनी आदिपर्वासाठी काश्मीरच्या शारदा लिपीतील परंपरेला विशेष वजन दिले. एका कोपऱ्यात राहिलेली परंपरा सरमिसळीपासून बचावते आणि जुने पाठ राखते, हे गृहीतक अशा निर्णयांच्या मुळाशी असते. क्यूबाच्या बाबतीत हे अर्धेच खरे ठरते. एकाकीपणामुळेच या गाड्या टिकल्या. अमेरिकेत त्यांच्या बहुसंख्य बहिणी भंगारात गेल्या. पण त्याच एकाकीपणामुळे त्यांच्या आतला पाठ जितका बदलला तितका अन्यत्र कोठेही बदलला नसेल. बेटाने बाह्यरूप जपले आणि अंतरंग पार बदलून टाकले. पोथीत असे घडत नाही, कारण पोथीला रोज घाटरस्ता चढावा लागत नाही. जी वस्तू निव्वळ वाचली जाते ती एकांतात राखली जाते. जी राबते तिला एकांत मानवत नाही. चिकित्सेची गृहीतके राबणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत तपासून घ्यावी लागतात ती यामुळे. आणि मौखिक परंपरेतील रचना राबणाऱ्या वस्तूंतच मोडतात, हे येथे विसरून चालणार नाही.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. १९०९ मध्ये राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून आपली प्रत प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून भाषेच्या अभ्यासकांना तिचे महत्त्व वाटत आले. वारकऱ्याच्या हातात मात्र एकनाथांच्या परंपरेतला पाठच राहिला. भाषाशास्त्रज्ञ आणि वारकरी यांच्यात येथे कोणी चूक आणि कोणी बरोबर असे नाही. ग्रंथाकडून त्यांच्या अपेक्षा वेगळ्या आहेत. एकाला तेराव्या शतकाची साक्ष हवी आहे, तर दुसऱ्याला सोबत हवी आहे. मात्र एकनाथांच्या कार्यात एक गोष्ट अशी आहे की जी दोघांनाही बांधून ठेवते. त्यांनी आपण काय केले ते सांगितले. ग्रंथ शुद्ध केल्याची नोंद ग्रंथाच्या अखेरीस शकासह आली. दुरुस्ती झाली आणि दुरुस्ती झाल्याचे कळवलेही गेले.

दुरुस्तीच्या नीतीचा गाभा येथे असावा. रस्किनने १८४९ मध्ये पुनर्निर्मितीला एक असत्य ठरवले होते. जुनी इमारत पूर्ववत करणे अशक्य आहे, आणि शक्य असल्याचा आव आणणे म्हणजे खोटे बोलणे, असा त्याचा रोख होता. चेझारे ब्रान्दी यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात त्यातून वाट काढली. कृतीची एकता पुन्हा साधावी. पण ती साधताना इतिहासाची बनावट करू नये आणि कृतीने काळातून केलेल्या प्रवासाच्या खुणा पुसू नयेत. रोमच्या संवर्धनसंस्थेत भित्तिचित्रांतील गळालेले भाग बारीक उभ्या रेघांनी भरण्याची पद्धत रूढ झाली ती या विचारातून. दुरून पाहताना चित्र सलग दिसते; जवळ गेल्यावर भर कोठे घातली आहे ते स्पष्ट कळते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत ज्या पाठाबद्दल संपादकांना पुरेशी खात्री नव्हती त्याखाली नागमोडी रेघ छापलेली आहे. रोमच्या उभ्या रेघा आणि पुण्याची नागमोडी रेघ यांचा परस्परांशी काही संबंध नाही. पण त्यांच्यामागचा सभ्यपणा एकच आहे. बदल हा दोष मानला जात नाही. लपवलेला बदल हा दोष मानला जातो.

या कसोटीवर क्यूबाची मोटार कोठे बसते? बेटावरच्या माणसापुरते पाहिले तर ती पूर्णतः प्रामाणिक आहे. बॉनेटखाली काय आहे हे बोतेरो लपवत नाही. उलट अभिमानाने सांगतो, कारण कोरियन डिझेल हे भरवशाचे लक्षण आहे. उतारूलाही आवाजावरून ते कळते. १९७६ मध्ये स्थापन झालेली नवकल्पक कामगारांची राष्ट्रीय संघटना, त्याआधी १९६१ मध्ये उद्योगमंत्री चे गेव्हारा यांनी कामगारांना आपली यंत्रे आपणच बांधण्याचे केलेले आवाहन, १९९२ मध्ये सैन्याच्या प्रकाशनगृहाने काढलेले घरगुती युक्त्यांचे जाडजूड पुस्तक, या साऱ्यांतून दुरुस्तीला एक सार्वजनिक प्रतिष्ठा मिळालेली होती. क्यूबन अभिकल्पक एर्नेस्तो ओरोसा यांनी या वृत्तीला ‘तंत्रवैज्ञानिक अवज्ञा’ असे नाव दिले आहे. वस्तू उत्पादकाने सांगितलेली मर्यादा मानत नाही. वापरणारा तिचे बंद कवच उघडतो आणि तिचा अधिकार झुगारतो. वाचकाने लेखकाचा अधिकार झुगारण्याची जी चर्चा साहित्यविचारात पाऊणशे वर्षे होत आली, तिचे एक तेलकट रूप म्हणून याकडे पाहता येईल. (आपल्याकडे अलीकडे ‘जुगाड’ या शब्दाला व्यवस्थापनशास्त्रात जी सुगंधी प्रतिष्ठा मिळाली आहे, तिच्याशी मात्र याची गल्लत करू नये. तेथे अभावाचे रूपांतर व्याख्यानात होते.)

पर्यटकापुरते पाहिले तर चित्र बदलते. गुलाबी रंगवलेली, वरचे छत कापून काढलेली, तासाच्या भाड्याने समुद्रकिनाऱ्याने फिरणारी गाडी त्याला ‘काळ थांबला आहे’ असे सांगते. हे असत्य आहे, आणि ते गाडी सांगत नसून तिच्याकडे पाहण्याची रीत सांगते. तेथे काळ थांबलेला नाही. तो प्रत्येक सांध्यात, प्रत्येक बदललेल्या नळीत खर्च झालेला आहे. थांबलेला काळ पाहून हळहळणारा माणूस वस्तुतः हजारो दुपारींचे श्रम अदृश्य करीत असतो.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो आणि तो टाळणे योग्य होणार नाही. क्यूबाच्या मिस्त्रीचे कौतुक करणे म्हणजे टंचाईचे सौंदर्यीकरण करणे नव्हे काय? ज्या माणसाला दुसरा पर्यायच नव्हता, त्याच्या चिकाटीला सद्गुण कसे म्हणावे? शिवाय या गाड्या काळा धूर ओकतात, त्यांचे ब्रेक बेभरवशाचे असतात, आणि एक अवयव घडवण्यात गेलेला आठवडा कदाचित एखाद्या मुलाच्या अभ्यासाकडे लक्ष देण्यात गेला असता. या आक्षेपात तथ्य आहे. सक्तीतून आलेल्या कौशल्याचे गोडवे गाताना सक्तीलाच धन्यवाद देण्याचा मोह होतो, आणि तो नैतिकदृष्ट्या घाणेरडा आहे. निर्बंधाचे समर्थकही त्याला बळी पडू शकतात आणि वाटपव्यवस्थेचे समर्थकही. दोघांच्याही अपयशाचे भांडवल एका चकचकीत बंपरवर उभे राहते.

तरीही आक्षेप पूर्ण मान्य करता येत नाही, आणि त्याचे कारण बोतेरोपेक्षा मोटरसायकलवाल्यांकडे पाहिल्यावर कळते. बेटावर ‘हार्लिस्ता’ म्हणवणारा एक छोटा समुदाय आहे. १९३० ते १९५० च्या दशकांतील हार्ले-डेव्हिडसन त्यांनी चालत्या ठेवल्या. चे गेव्हारा यांचा धाकटा मुलगा एर्नेस्तो हाही त्यांपैकीच एक होता. अमेरिकन चिन्हाच्या मोटरसायकलींवरून पर्यटकांना बेट दाखवण्याचा व्यवसाय त्याने काढला, यातील विरोधाभासावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यात भर घालण्याची गरज नाही. महत्त्वाचे ते वेगळे आहे. हार्ले ही उतारूंची गाडी नाही. विशेष काळात तिच्यावर पोट भरणे दुरापास्त होते. त्या काळात बेटावर चीनहून सायकली आणल्या गेल्या आणि माणसे त्यांवरून कामाला जात. सोव्हिएत गटातील उरल, जावा, एम्झेड या मोटरसायकली तुलनेने सुलभ होत्या. म्हणजे पर्याय होता. हार्ले जपणाऱ्याने तो नाकारला. आपल्याकडे ‘हौसेला मोल नाही’ असे म्हणतात. येथे हौसेला मोल होते, ते रोज मोजावे लागत होते, आणि ते मोजले गेले. सक्ती आणि स्नेह एकाच कृतीत किती मिसळलेले असतात हे बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून कृतीतला स्नेह नाकारणे हा सक्तीपुढे आणखी एक पराभव ठरेल. आईने गरिबीत शिवलेल्या गोधडीबद्दल कोणी असे म्हणत नाही की दुसरे पांघरूण नव्हते म्हणून तिच्यात माया नव्हती.

अर्थात स्नेह म्हणजे तरी कशावर, हे सांगावे लागेल. रॉबर्ट पर्सिग यांच्या १९७४ च्या प्रसिद्ध पुस्तकामुळे मोटरसायकलची निगा हा आत्मशोधाचा प्रकार म्हणून पाहण्याची चाल पडली. तो दृष्टिकोन येथे अपुरा आहे, कारण त्यात यंत्र शेवटी माणसाच्या मनाचे साधन ठरते. हार्लिस्ताची निष्ठा अधिक साधी आणि अधिक बाह्य आहे. यंत्र चालले पाहिजे, आणि ते ज्या तऱ्हेने चालत असे त्या तऱ्हेने चालले पाहिजे. त्या इंजिनाची विशिष्ट लय बदलली तर त्याला ते पटत नाही. पिस्टन कोणत्या गाडीचा वापरला याचे मात्र त्याला सोयरसुतक नसते. द्रव्यावर निष्ठा नाही, आकृतीवरही पुरती नाही. कार्याच्या एका विशिष्ट शैलीवर आहे. ब्रान्दी यांच्या परिभाषेत यासाठी शब्द नाही. छंदशास्त्राला मात्र ही गोष्ट ओळखीची वाटेल. शब्द बदलले तरी चालतात, मात्रा ढळता कामा नये.

निष्ठेच्या या दोन प्रकारांत कसा संघर्ष होतो हे हवानाजवळच्या फिंका विहिया या घरात दिसते. एर्नेस्ट हेमिंग्वे १९३९ ते १९६० या काळात तेथे राहिले. आता तेथे त्यांचे संग्रहालय आहे. त्यांची १९५५ सालची क्रायस्लर न्यू यॉर्कर ही उघड्या छताची गाडी नंतर इतरांच्या हाती गेली आणि अत्यंत जीर्ण अवस्थेत पुन्हा सापडली. गेल्या दशकात तिचे पुनर्वसन हाती घेण्यात आले, आणि त्यासाठी परदेशांतून योग्य ते भाग आणवताना निर्बंधांच्या अडचणी आल्या. संग्रहालयाचा हेतू समजण्याजोगा आहे. गाडी हेमिंग्वेंच्या काळी होती तशी दिसावी. परंतु या दृष्टीने पाहता लेखकाच्या पश्चात गाडीने काढलेली सर्व वर्षे प्रक्षेप ठरतात. ज्यांनी ती वापरली आणि ज्यांच्यामुळे ती भंगारात गेली नाही, त्यांचे हात पुसून काढावे लागतात. बेटावरच्या इतर हजारो गाड्यांचा न्याय हिला लावला जात नाही, कारण हिच्या मागे एक नाव आहे. लेखकाचा मृत्यू समीक्षेने कधीच जाहीर केला. मोटारीच्या बाबतीत लेखक अजून जिवंत आहे. अशा पुनर्वसनात नागमोडी रेघ कोठे ओढायची हा प्रश्न कोणी विचारला पाहिजे. मधल्या मालकांच्या काळातला एखादा सांधा तसाच दाखवून त्याच्याशेजारी चार ओळी लिहिणे अवघड नाही.

आज परिस्थिती पुन्हा बदलली आहे. नातेवाईक मायामीहून सामानाच्या पेटीत सुटे भाग आणतात. १९५५ च्या शेवरोलेचे नव्याने बनवलेले भाग अमेरिकेत सूचीवरून मागवता येतात. ज्याला परवडते त्याच्यापुढे आता प्रथमच खरी निवड आहे. डिझेल इंजिन ठेवून मार्गावर उतारू घ्यायचे, की मूळ धर्तीचे व्ही-आठ इंजिन आणून गाडी पर्यटकांना दाखवायची? दुसऱ्यात पैसा अधिक. म्हणजे जो पाठ पन्नास वर्षांच्या वापराने सिद्ध झाला तो काढून, कारखान्याचा पाठ परत बसवण्यास बाजार उत्तेजन देतो आहे, आणि त्याला अस्सलपणा असे नाव देतो आहे. नागसेनाच्या मागे उरलेल्या प्रश्नाचे एक उत्तर येथे मिळते. नाव आता बाहेरचा माणूस देतो, आणि भाडे मोजून देतो.

दुसरीकडे २०२२ या एकाच अमेरिकी आर्थिक वर्षात २,००,००० हून अधिक क्यूबन माणसे अमेरिकेच्या सीमांवर पोहोचली. त्यांत तरुण पुष्कळ होते. रस्त्यांवर विजेच्या दुचाक्या आणि तीनचाकी वाढल्या. इंधनाच्या रांगांमुळे अनेक आल्मेन्द्रोन दिवसचे दिवस उभ्या राहू लागल्या. लेथवर पिस्टनची कडी कातणाऱ्याचे ज्ञान कोठे लिहिलेले नाही. सैन्याच्या त्या जाडजूड पुस्तकातही ते नाही, कारण ते बोटांच्या टोकांत आणि कानांत असते. कडी बसली की नाही हे आवाजावरून कळते. तो माणूस मायामीला गेला तर तेथे त्याला तो भाग तयार मिळेल, डब्यात, क्रमांकासह, आणि तो बेटावर पाठवताही येईल. पाठवलेला भाग त्या विशिष्ट गाडीत बसणार नाही, कारण ती गाडी आता सूचीतल्या गाडीसारखी राहिलेली नाही; तिला काय चालते हे त्यालाच ठाऊक होते.